पेटी कपाटात, मास्तर रत्नागिरीत

पत्र: मी आमच्या गावच्या शिक्षण मंडळाच्या मुंबई समितीचा चिटणीस आहे, राहायला भांडुपला. मंडळाचं हायस्कूल राजापूर तालुक्यात आडगावात आहे. पाचवी ते दहावी, पट ९२. चार वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून आम्ही दोन पेट्या (हार्मोनियम) आणि तबला-डग्गा घेतला, महिना ६,००० रुपये मानधनावर एक संगीत शिक्षक ठेवले. आठवड्यातून दोन दिवस यायचे. तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेत शाळेचा नंबर आला. मग देणगी आटली, मास्तरांना रत्नागिरीत मोठ्या शाळेत काम मिळालं आणि ते गेले. दीड वर्ष झालं, वाद्यं कुलपात आहेत. परवाच्या मीटिंगला तीन मतं पडली. एक, मुंबईत नाटकाचा प्रयोग लावून निधी उभा करायचा आणि पुन्हा मास्तर आणायचे. (मागच्या प्रयोगात खर्च जाता ३८,००० सुटले होते.) दोन, स्मार्ट टीव्ही घेऊन मुंबईतून ऑनलाइन शिकवायचं. तीन, पेट्या गावच्या भजन मंडळाला देऊन मोकळं व्हायचं. आमचे खजिनदार तर म्हणाले, "गाणं-बजावणं शिकून कोणाचं भलं झालंय? त्या पैशांत स्कॉलरशिपचे क्लास लावा." खात्यात १,१०,००० शिल्लक आहेत. संगीत शिक्षकाचं सरकारी पद मिळेल का? नाही तर काय करावं?

चिटणीस साहेब, नमस्कार.

पदाचं आधी बोलून टाकते, म्हणजे त्या आशेवर आणखी दोन मीटिंगा जायच्या नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. पण कधी? मुलं शंभराच्या वर असतील तेव्हा. तुमचा सगळा पट मिळून ९२. म्हणजे ज्या शाळेला बाहेरच्या माणसाची सर्वांत जास्त गरज, तिचंच नाव त्या रांगेत नाही. संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचा, हिशोबही पटावरच चालतो आणि तुमच्या हेडमास्तरांना सध्या गणिताचा शिक्षक टिकवायची चिंता असणार. अर्ज जरूर करा, आवक क्रमांक घेऊन ठेवा, पण त्यावर बेत आखू नका.

आता मूळ मुद्दा. शाळेत सात-आठ शिक्षक आहेत. गावात भजन मंडळ आहे. शिमग्याला नमन उभं राहतं, गणपतीत रात्री दोनपर्यंत पखवाज वाजतो. एवढं असूनही एक माणूस रत्नागिरीच्या गाडीत बसला आणि शाळेतलं गाणं थांबलं. याचा अर्थ तुम्ही मास्तर नेमले होते, शाळेत संगीत रुजवलं नव्हतं. मास्तरांना बोल लावायचं कारण नाही. सहा हजारांत आठवड्याला दोन खेपा करणारा माणूस चांगली नोकरी आली की जाणारच, आणि त्याने जावंच. पुढचा मास्तरही जाईल. म्हणून मीटिंगमध्ये "मास्तर कुठून आणायचा" यापेक्षा "पुढची दहा वर्षं गावातून हलणार नाही असं कोण आहे" हा विषय घ्या.

मी सांगते कोण आहे. तुमच्या अनुदानित शाळेचे शिक्षक आहेत. जिल्हा परिषदेच्या मास्तरांसारख्या त्यांच्या उठसूट बदल्या होत नाहीत. त्यातले मराठीचे सर किंवा बाई कविता चालीत म्हणत असणारच. भजन मंडळाचे बुवा आहेत. आणि आठवीतली ती चार पोरं आहेत जी घरच्या भजनात झांज धरतात आणि शाळेत शेवटच्या बाकावर बसतात.

याला मोठा दाखलाही आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली, १९०८ मध्ये ती मुंबईत आली. वर्गणी, मैफली, कर्ज असं करत त्यांनी इथे स्वतःची इमारत उभी केली, आणि पुढे कर्जापायी ती इमारत गेली. १९३१ साली पंडितजी गेले. पण तोवर शिष्य तयार झाले होते. त्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्यांतल्याच विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षा आजही गावोगावची मुलं देतात. दोन पेट्या आणि एक खोली एवढाच तुमचा पसारा असला तरी पैसा कशावर घालायचा हे यावरून ठरवता येतं.

तर आधी शाळेतल्या दोन शिक्षकांना तयार करा. एकाला नको, दोघांना. एक रजेवर गेला तर दुसरा हवा. त्यांना गवई करायचं नाहीये. पेटीवर सा धरता येणं, साध्या चाली वाजवता येणं, आठ मात्रांचा ठेका हाताने देता येणं, एवढं पुरे. हे मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत मिळून शिकता येतं. गेलेल्या मास्तरांनाच विचारा. त्यांना रोजचं शिकवायला नको, महिन्यातून एका शनिवारी यायला सांगा आणि शिकवायचं शिक्षकांना. रत्नागिरीहून एक खेप, १,५०० रुपये आणि जेवण. माणूस दुखावून गेला नसेल तर आनंदाने येईल.

"आमच्या शिक्षकांना वेळ कुठे?" असं हेडमास्तर म्हणतील, आणि ते खोटं नाही. जनगणना, निवडणूक, रोज नवी लिंक भरा, त्यात हे आणखी. म्हणून नवीन तास मागूच नका. परिपाठ आहे ना? राष्ट्रगीत, प्रार्थना, २०२३ पासून राज्यगीत. मुलं रोज सकाळी गातातच. फक्त कशीही गातात. कोणीतरी एक मुलगा वाटेल त्या पट्टीत सुरू करतो, मुली वर ताणतात, मोठे मुलगे खाली गुरगुरतात, आणि मधल्या रांगेतली मुलं तोंड हलवतात.

तिथे दहा मिनिटं बसवून घ्या. हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं यावरच आहे. पेटी व्हरांड्यात आणायची. सर सा देतात, साधारण काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी). पुरुष शिक्षक बहुतेक स्वतःच्या सोयीने काळी एकला सूर धरतात आणि बारीक आवाजाची मुलं तिथे खाली पोचतच नाहीत, म्हणून हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकायचं. चालीचा आवाका बघून एखादी पट्टी खाली-वर करा, पण पट्टी मुलांची असू द्या. आधी अर्धा मिनिट कोणी गायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग सगळ्यांनी मिळून "सा", तोंड उघडून, पण ओरडून नाही. मग सा रे ग म हळू, वर आणि खाली. मग प्रार्थनेची एकच ओळ. सर गातात, मुलं ऐकतात, मग मुलं गातात आणि सर गप्प राहतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. शिक्षक मुलांबरोबर गात राहिला की त्याला मुलं ऐकूच येत नाहीत. उरलेल्या दोन मिनिटांत मांडीवर ठेका: धा गे ना ती, ना क धिं ना. अर्धी शाळा ठेका देते, अर्धी गाते, मग उलट. झालं. आठवड्याला एक नवीन ओळ बसली तरी वर्षाकाठी मुलांच्या गळ्यात आठ-दहा गाणी येतात, आणि ९२ च्या ९२ मुलांच्या.

त्या आकड्यावर मी मुद्दाम जोर देते आहे. समूहगीताचा नंबर आला याचा तुम्हाला अभिमान आहे, असावा. पण त्या संघात मुलं किती होती? दहा-बारा. मास्तरांच्या दोन दिवसांतला किती वेळ त्या दहा-बारांच्या तालमीत गेला आणि बाकीची ऐंशी मुलं तेव्हा काय करत होती? मुंबईतल्या शाळांमध्येही हेच चालतं. स्नेहसंमेलन आणि स्पर्धा आल्या की ठरलेले गळे उचलायचे, बाकीच्यांना मैदानावर सोडायचं. स्पर्धेचा फोटो मंडळाच्या अहवालात छान दिसतो, पण कार्यक्रम बंद पडला तेव्हा दहा-बारा पालकांखेरीज गावात कोणाला काही वाटलंच नाही. सगळी मुलं गात असती तर ग्रामसभेत विषय निघाला असता.

आठवी-नववीच्या मुलग्यांचा आवाज फुटतो. त्या काळात त्यांना गायला लावून हसू करू नका. पखवाज, झांज, टाळ त्यांच्या हातात द्या. वर्षभराने आवाज बसला की ते आपणहून गायला येतात, आणि नाही आले तरी ताल पक्का झालेला असतो.

परिपाठानंतर मराठीचा तास. पाठ्यपुस्तकातल्या कवितेला चाल लावून म्हणणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, मध्ये कुठेतरी तिचा गाइडातल्या प्रश्नोत्तरांनी घास घेतला. ओवी ओवीसारखी, अभंग अभंगासारखा म्हटला की मुलांना वृत्तही कळतं आणि लयही. भुजंगप्रयाताचे लगक्रम पाठ करण्यापेक्षा चार ओळी टाळीवर म्हणून बघायला सांगा. यात संगीत घुसवल्याची तक्रार कोणी करू शकत नाही, कारण अभ्यासक्रमच शिकवला जातोय.

आता बुवा. तिसरं मत मांडणारा सभासद कोण ते मला माहीत नाही, पण त्यातल्या त्यात शहाणं मत तेच आहे. फक्त पेट्या देऊन मोकळं होऊ नका. एक पेटी भजन मंडळाला वापरायला द्या, शाळेच्या नावावर ठेवून, लेखी. बदल्यात बुवांनी किंवा त्यांच्या पखवाजवाल्याने आठवड्यातून एक दुपार शाळेत यायचं. महिना १,००० रुपये मानधन द्या. बुवा "पैसे कसले घ्यायचे" म्हणतील, तरी द्या. फुकटचं काम भातलावणी आली की पहिलं सुटतं. तुमच्याकडच्या डबलबारीत उभं राहणारा बुवा काही कमी माणूस नसतो. स्तवन, रूपावली, अभंग, गवळण, गजर हा सगळा क्रम त्याला तोंडपाठ असतो, समोरच्या बुवाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं, आणि भरलेल्या मंडपात आवाज शेवटपर्यंत टिकवायचा असतो. त्याला नोटेशन येत नसेल. न येऊ दे.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्या, कारण गाव आहे. पहिली, शाळेत सगळ्या वाड्यांची मुलं आहेत. मोहल्ल्यातली असतील, बौद्धवाडीतली असतील. बुवांकडून ताल घ्या, गळा कसा लावायचा ते घ्या. गाणी कोणती घ्यायची ते शाळेने ठरवायचं. अभंग घ्या, भीमगीत घ्या, जात्यावरची ओवी घ्या, पाठ्यपुस्तकातली कविता घ्या. एखाद्या आजीला बोलावून ओव्या म्हणायला लावा, मुलांनी त्या मोबाइलवर टिपून घ्यायच्या. कोणत्याही मुलाला "हे आपलं नाही" म्हणून मागे बसायची वेळ येऊ नये. आणि वाडी-वाडीचा मानपान शाळेच्या फाटकाबाहेर. या वाडीचा बुवा बोलावला म्हणून त्या वाडीने तोंड फिरवलं असं होणार असेल तर दोघांना सहा-सहा महिने वाटून द्या. दुसरी गोष्ट, बाहेरचा कोणीही शिकवत असेल तेव्हा शाळेचा एक शिक्षक वर्गात हजर हवा. मग तो कितीही ओळखीचा असो.

वाद्यांचं बघू. दीड वर्ष, म्हणजे कोकणातला निदान एक अख्खा पावसाळा, पेटी कुलपात आहे. ती उघडाल तेव्हा ओल्या लाकडाचा वास येईल, दोन-चार पट्ट्या फुगून बसलेल्या असतील. उंदराला भात्याची कातडी आवडते. खटके बंद ठेवून भाता दोन-तीनदा मारून बघा. घट्ट लागला तर ठीक, फुसका लागला तर हवा कुठेतरी गळते आहे. पट्टी अडकली म्हणून कोणी खोबरेल सोडू नका (सोडतात!), लाकूड आणखी फुगतं. एखादा सूर उमटत नसेल तर कदाचित नुसती धूळ असेल, पण पितळेच्या जिभेला गावात कोणी चाकू लावू नये. ते काम जाणकाराचं आहे. तबल्याची शाई ओलीने सुटली असेल तर पुडी बदलावी लागेल. पुडी चुलीजवळ शेकून किंवा उन्हात तापवून "ठीक" करू नका, तडकते.

कुलूप काढा. कपाटात ठेवून पेटी जपली जात नाही, खराब होते. रोज वाजली की हवा खेळते आणि बिघाड लवकर कळतो. चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये नको, दहावीतल्या दोन मुलांकडे द्या, एक वही द्या: कोणी कधी काढली, कधी ठेवली, काय बिघडलं. नवी पेटी काही स्वस्त नाही, म्हणून हेडमास्तर घाबरतात ते समजू शकतं. पण वापरात मोडलेली पेटी दुरुस्त होते. त्यासाठी दरवर्षी ६,००० बाजूला काढून ठेवा आणि दुरुस्ती पावसाळा संपल्यावर, गणपतीनंतर करून घ्या. दुरुस्तीवाला गावात आला तर मुलांसमोर काम करायला सांगा. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या पुडीला, कणीक कशी लावतात आणि तिने आवाज कसा भरतो हे बघायला अख्खी पाचवी जमा होईल.

ऑनलाइनवाल्यांना एवढंच विचारा, व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून कधी आरती म्हणून बघितलीय का? आवाज उशिरा पोचतो. एक पुढे, एक मागे. शिक्षक इथून ताल देणार आणि मुलं तिथे तो धरणार, हे होत नाही. आणि गावात पावसात वीज आणि रेंज यांची काय तऱ्हा असते ते मी तुम्हाला सांगायला नको. स्मार्ट टीव्ही नंतर बातम्या बघायला उपयोगी पडेल. त्यापेक्षा मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांत ज्यांना गाता येतं त्यांनी प्रत्येक गाणं ओळी-ओळीने, मुलांच्या पट्टीत, मध्ये मुलांना म्हणायला जागा सोडून, फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवावं. रेंज असेल तेव्हा उतरवून घेता येतं, शंभर वेळा ऐकता येतं. तानपुऱ्याचं अॅप तर फुकट मिळतं.

नाटकाच्या प्रयोगाबद्दल तुमचं मन दुखावणार आहे. चाकरमान्यांच्या मंडळांनी नाटकं, नमन, शक्ती-तुरे लावून गावात शाळा, देवळं, पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मोल मी जाणते. पण हा पैसा एकदाच्या खर्चाला चांगला, भिंत बांधायला, छप्पर घालायला. दर महिन्याच्या खर्चाला तो चालत नाही. तिकिटं खपवणारी तुमची पिढी साठीला आली, मुलं आयटीत आहेत, स्मरणिकेला जाहिराती देणारी जुनी दुकानं टॉवरमध्ये गेली, आणि परळचं दामोदर नाट्यगृह बंद झाल्यापासून तारीख मिळवणं हेच एक काम झालंय. तुमचाच आकडा घ्या: प्रयोगातून ३८,००० सुटले, मास्तरांचं दहा महिन्यांचं मानधन ६०,०००. दरवर्षी बावीस हजारांचं भगदाड, तेही प्रयोग झाला तर.

मी सांगितलेल्या बेताचा खर्च मांडून बघा. मास्तरांच्या दहा खेपा, १५,०००. बुवा दहा महिने, १०,०००. दुरुस्ती ६,०००. वह्या, टाळांच्या दोऱ्या, चहा वगैरे २,०००. एकूण ३३,०००. आता जमा: प्रयोग लावायचाच असेल तर एकदा, शेवटचा, आणि त्याचे पैसे खर्चायचे नाहीत. तुमचे १,१०,०००, प्रयोगाचे आणि थोरामोठ्यांच्या देणग्या मिळून तीन लाखांचा कायम निधी करा. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १९,५०० येतील. शिवाय वर्षाला ३०० रुपये देणारे ५० माजी विद्यार्थी शोधा, १५,००० झाले. पाच हजार देणारे तीन शोधू नका. तिघांतला एक रागावला की तिजोरी हलते. निधी उभा राहीपर्यंतचं पहिलं वर्ष शिल्लकीतून काढा, चालेल.

निधीसाठी देणगी घेताना "ही रक्कम कायम निधीसाठी" असं देणगीदाराकडून लेखी घ्या, ऑडिटरला आधी विचारा, आणि ठेव शेड्यूल्ड बँकेत ठेवा. ओळखीच्या पतपेढीत एक टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे वळू नका. ट्रस्टचा पैसा कुठे ठेवायचा याला नियम आहेत.

शेजारच्या गावांतल्या शाळांचंही बघा. शिक्षकांची वाटणी करणारं शाळा संकुल कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सुचवलं होतं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते पुन्हा आलं, आणि त्यात कला-संगीताच्या शिक्षकांचा उल्लेखही आहे. सरकार कधी करेल ते करेल. तुम्ही तीन हायस्कूलच्या हेडमास्तरांना एका चहाला बसवू शकता. तिघांत मिळून एक पूर्णवेळ माणूस ठेवला तर त्यालाही पोटापुरतं मिळेल आणि तो टिकेल. वेळापत्रक मात्र एसटीच्या वेळा समोर ठेवून करा. वस्तीच्या गाडीने सकाळी जो पोचेल त्याला पहिला तास द्या. पण हे तिसऱ्या वर्षी. आधी तुमच्या व्हरांड्यातली दहा मिनिटं चालू द्या.

राहिले खजिनदार. त्यांना शत्रू समजू नका, पैसा कुठे जातो हे विचारणारा एक माणूस मंडळात हवाच. त्यांना "गाण्याने गणित सुधारतं" असं सांगू नका. सगळीकडे सांगतात, पण मोठ्या आढाव्यांत तसं ठोस काही दिसलेलं नाही, आणि उद्या गणिताचा निकाल पडला की तेच वाक्य ते तुमच्या अंगावर टाकतील. खरं ते सांगा. दहावीला शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी आणि लोककलेसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. अटी शासन निर्णयागणिक बदलत आल्या आहेत, प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे, हेडमास्तरांना चालू वर्षाचं परिपत्रक आणायला सांगा. ज्या दोन-चार मुलांना खरंच गोडी असेल त्यांना गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथमला बसवा, महिन्याच्या शनिवारी मास्तर त्यांच्याकडे तासभर बघतील. सगळ्यांना मात्र परीक्षेच्या घाण्याला जुंपू नका. आणि स्कॉलरशिपचे क्लासही लावा की. परिपाठाची दहा मिनिटं त्यांच्या आड येत नाहीत.

गावातल्या पोराला पुढे मुंबई-पुण्याला यायचं असतं. लालबाग-परळच्या खोल्यांत भजनाच्या निमित्ताने शनिवारी जमणारी गावाकडची माणसं तुम्ही पाहिली असतील. नव्या शहरात ओळख काढायला पखवाज फार कामाला येतो. खजिनदारांना कदाचित हे जास्त पटेल. ते स्वतः तिशीत असताना कुठल्या मंडळात झांज धरायचे ते जरा विचारून बघा.

पुढच्या मीटिंगला तोंडी चर्चा नको, ठराव लिहून न्या. मसुदा असा: "शाळेतील वाद्ये दुरुस्त करून रोजच्या परिपाठात वापरात आणावीत. दोन शिक्षकांचे प्रशिक्षण व गावातील वादकांचे मानधन यांसाठी वर्षाला ३३,००० रुपयांपर्यंत खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. संगीत कायम निधीचे स्वतंत्र खाते उघडावे. सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग असल्याचा अहवाल मुख्याध्यापकांनी दर सहामाहीला पाठवावा." सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक म्हणून खजिनदारांचं नाव घाला, आणि ते मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन, चहा घेता घेता विचारून घाला.